जुने संगणक आणि त्यांचे परवाने

विविध कार्यकारी सोसायट्यांचे हिशेब वहीवरून संगणकावर जाण्याचा क्रम आतां बराच पुढें गेला आहे. केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांसाठीं २,५१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. नवीं यंत्रें व सर्वांस एकच आज्ञावली असें तिचें स्वरूप आहे. ही गोष्ट स्तुत्यच होय. परंतु नवें आलें म्हणजे जुन्याचें काय करावें, ह्याचा विचार कोणी करितांना दिसत नाहीं. त्यांतच १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नित्याची सुरक्षा-दुरुस्ती संपली, आणि विंडोज ११ चे निकष जुन्या यंत्रांस पुरे पडत नसल्यामुळें चालते संगणकही अडगळींत जाऊं लागले आहेत.

आमच्या परिचयाच्या एका सोसायटीनें असे चार संगणक भंगारवाल्यास वजनावर दिले. आम्ही त्या वेळीं गोदामांत उभे होतों. खताच्या पोत्यांशेजारीं ते रचलेले, व आंतील हार्ड डिस्क जशाच्या तशा! सभासदांचीं कर्जखातीं, आधार क्रमांक, बँकेचे तपशील, सर्व त्यांतच. विचारतां चिटणीस म्हणाले, "भाऊसाहेब, सगळें पुसलें आहे." हें पुसणें म्हणजे अनुक्रमणिका फाडून वही तशीच विकण्यासारखें आहे, जाणत्यास आंतला मजकूर परत काढतां येतो. आम्हीं महसूल कचेरींत कारकुनी केली. तेथें दप्तराचा अ, ब, क, ड वर्ग पाहून, मुदत संपल्यावांचून चिठोरेंही फाडीत नसत. मग सभासदांचें सारें दप्तर तराजूंत घालण्याचा अधिकार चिटणीसांस कोणीं दिला? डिस्कवर आरंभापासून अखेरपर्यंत नवें लिहून ती कोरी करणारी आज्ञावली मिळते. यंत्र बंद पडलें असेल तर डिस्क काढून तिला आरपार भोकें पाडावीं.

परवान्यांविषयीं तर फारच गैरसमज आहे. पैसे मोजले म्हणजे आज्ञावली आपली झाली, असें लोक समजतात. वस्तुतः तें खंडानें जमीन घेण्यासारखें आहे. कसण्याचा हक्क मिळतो, मालकी नव्हे, व खंडकरी जमीन विकूं शकत नाहीं. यंत्राबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्या यंत्राशींच बांधलेला असतो. यंत्र दिलें तर तो बरोबर जातो, वेगळा विकतां येत नाहीं. दुकानांतून स्वतंत्र घेतलेला परवाना दुसऱ्यास देतां येतो, पण आपल्या यंत्रावरून तो काढल्यावरच. वार्षिक वर्गणीचा असेल तर वर्गणी संपतांच हक्कही संपला. युरोपीय संघाच्या न्यायालयानें ३ जुलै २०१२ रोजीं कायमचे परवाने पुन्हां विकण्यास, विकणाऱ्यानें आपली प्रत निकामी करावी ह्या अटीवर, मुभा दिली खरी. परंतु तो निवाडा तेथील कायद्यावरचा आहे. त्याच्या भरंवशावर येथें कोणी व्यापार मांडूं नये, आणि नाममात्र किंमतीस मिळणारे 'अस्सल' परवानेही सोसायटीनें घेऊं नयेत.

ह्याहून सोपा मार्ग आहे. डिस्क कोरी करून त्यावर लिनक्स घालावें. तें फुकट वांटण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. सी-डॅकनें त्यावरूनच 'बॉस' ही प्रणाली तयार केली असून तींत मराठीही चालते. केरळांतील सरकारी शाळा कित्येक वर्षें असल्याच मुक्त प्रणालीवर शिकवीत आहेत. असा संगणक गांवच्या शाळेस खुशाल द्यावा. मात्र तो आधीं आठ दिवस आपल्या कचेरींत चालवून पाहावा. नचिकेत्याच्या बापानें दूध आटलेल्या गाई दान केल्या, तसें दान शाळेच्या माथीं मारूं नये. मास्तरांस नाहीं म्हणतां येत नाहीं. (आमच्या गांवच्या शाळेंत असल्या दानाची एक खोलीच भरली आहे.) अगदींच निकामी माल ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाराकडेच जावा, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नियम तेंच सांगतात. उघड्यावर पट्ट्या जाळून तांबें काढिलें, तर शिसें व विषारी धूर आपल्याच विहिरीशेजारीं राहतो.

डेडस्टॉक रजिस्टरांत अशा प्रत्येक यंत्रापुढें डिस्क कोणीं व कोणत्या तारखेस कोरी केली हें लिहावें, व तें वार्षिक सभेपुढें वाचावें. उपरोक्त सोसायटीच्या चेअरमनांस आम्हीं तसा लेखी अर्ज दिला आहे. अद्याप उत्तर नाहीं.