स्कॉटलंडचा ब्रोच आणि आपली भिकबाळी

मंडळी, परवा इथे एका जुन्या स्कॉटिश ब्रोचचा फोटो फिरला. खाली शेरा, की बघा, त्या लोकांनी हजार वर्षांची परंपरा कशी जपली आणि आपली पोरं मात्र भिकबाळी घालून नाटकं करतात. आयुष्य बँकेत गेलं. खातं न उघडता शिल्लक सांगणाऱ्यावर माझा भरवसा नाही. तर उघडूया.

१७४६ च्या कायद्याने हायलंडच्या पुरुषांना किल्ट आणि प्लेड घालायलाच बंदी झाली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं साता समुद्रापार. सूट कोणाला, तर सरकारी पलटणींना! बंदी उठली १७८२ ला. म्हणजे ३६ वर्षं. पोशाख अंगाला न लावता एक पिढी म्हातारी झाली.

पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. तो सगळा सोहळा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने बसवला, संगीत नाटक बसवावं तसा. राजेसाहेब किल्टमध्ये, आत गुलाबी तंग विजार, आणि पोशाख, हत्यारं, दागिने मिळून बिल १,३५४ पौंड. (पास कोणी केलं असेल!) मग व्हिक्टोरिया राणीने बाल्मोरल घेतलं आणि या दागिन्यांच्या मागणीला तोटा राहिला नाही.

आज जुने म्हणून मिरवतात ते बरेचसे याच काळातले. खांद्यावर प्लेड अडकवायचा मोठा गोल ब्रोच, त्यात केर्नगॉर्म डोंगरातला धुरकट पिवळा खडा. थिसल या काटेरी झाडाचं फूल, त्याच्या जागी जांभळा ॲमेथिस्ट. डोंगरातले खडे पुरेनात तेव्हा ब्राझीलचे आले. घडण तर पुष्कळदा इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची. शंका असेल तर दागिना उलटा करा. नांगराचा शिक्का बर्मिंगहॅमचा, तीन बुरुजांचा किल्ला एडिनबरोचा. समोरच्या बाजूने सगळेच खानदानी दिसतात.

म्हणून ते दागिने खोटे ठरतात का? मुळीच नाही. बंदी आली, खंड पडला, राजाने सोंग आणलं, व्यापाऱ्याने पैसा केला, तरी लोकांनी ते लग्नाकार्यात घातले, मुलाला दिले, नातवाने मागून घेतले. त्यातूनच ती परंपरा झाली. मग विसर्जनाच्या दिवशी आपला एखादा मुलगा कानाच्या वरच्या पाळीत भिकबाळी घालतो ते तेवढं नाटक कसं? स्कॉटला जे माफ ते आपल्या नातवाला का नाही?

शेरा लिहिणाऱ्या काकांना एकच विचारतो. तुमच्या आजोबांची भिकबाळी कुठाय? लॉकरमध्ये असणार. आमच्या बडोद्यात निम्म्या घरांची तिथेच असते, आणि भाडं दरवर्षी बिनचूक जातं. ती काढा. कान टोचायला नातू तयार नसेल तर सोनाराकडून तशीच दुसरी चापाची करून घ्या. जुनी मोडून नव्हे, एवढं मात्र सोनारापाशी बसून बघा.