खड्डे घेण्यापूर्वी माळ पाहावा

पावसाळा जवळ आला की आपल्या संघटनेच्या बहुतेक शाखांमध्ये वृक्षारोपणाची तयारी सुरू होते. अर्जुन, बेहडा, आवळा, कडुनिंब यांची रोपे येतात, गावाबाहेरचा एखादा ‘पडीक’ माळ निवडला जातो, छायाचित्रे निघतात. या उपक्रमात प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे उत्साहाने सहभागी झाला आहे. म्हणूनच पुढील मत मांडण्याचे धाडस करतो.

काही वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातील एका माळावर आम्ही दीडशे खड्डे घेतले. मेंढ्या घेऊन जाणारा एक वृद्ध धनगर थांबला आणि म्हणाला, “डॉक्टर, चाराच उकरला तुम्ही. आता मेंढरांनी काय खायचं?” आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढच्या उन्हाळ्यात बहुतेक रोपे वाळली. जेथे मुरूम वर आला तेथे पवना, कुसळी, मारवेल यांपैकी एकही गवत पुन्हा नीट धरले नाही. त्याच जागी श्रावण-भाद्रपदात निळ्या फुलांची विष्णुक्रांता पसरलेली असे. ती विद्यार्थ्यांना दाखवावी म्हणून गेलो, तर सापडेना. वनौषधी वाढविण्यासाठी गेलेल्या वैद्यांनी वनौषधीच उपटली होती.

चूक हाताची नव्हती, दृष्टीची होती. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात जांगल, आनूप आणि साधारण या तीन देशांचे वर्णन आहे. मोकळे आकाश, कोरडा वारा, विरळ आणि काटक वृक्ष, मृगजळ, लावा-तित्तिर पक्षी ही जांगल देशाची लक्षणे आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केली. सूत्रस्थानातील जांगल मृगांच्या यादीत एण आणि कुरंग येतात. एण म्हणजे काळवीट. कुरंग म्हणजे चिंकारा, असे सामान्यतः मानले जाते. (तेथे विषय मांसगुणांचा आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे प्राणी आपल्यासाठी केवळ पाहण्याचे आहेत, हे सांगायला नकोच.) सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे आपले शिरूर-दौंडचे माळ म्हणजे हाच जांगल देश. ते उजाड झालेले अरण्य नव्हे. आफ्रिकेतील ज्या गवताळ मैदानांच्या सहलीसाठी लोक लाखो रुपये मोजतात, त्यांच्याच जातकुळीतला हा उष्ण प्रदेशीय अधिवास आहे. परंतु महसुली भाषेत तो ‘पडीक’ ठरला आणि पडीक जमिनीचा उद्धार करण्यास सर्वच जण सरसावले. कोठे गिरिपुष्प लावले गेले, कोठे सुबाभूळ, कोठे आमची दीडशे रोपे.

दुसरा बदल पाण्याने केला. घोड, भीमा आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. त्याने शेतकऱ्याचे घर सावरले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु आपल्या परिभाषेत बोलायचे तर जांगल देशाचा आनूप देश झाला. चिंकारा हटला आणि दाट, ओलसर उसात बिबट्या पिले वाढवू लागला. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत बालकांसह माणसांचे बळी गेले. अशा गावांत रात्री मोटारी घेऊन ‘बिबट्या पाहायला’ जाणाऱ्या हौशी मंडळींना काय म्हणावे?

मग पाहायचे ते कोठे? दूर जाण्याची गरज नाही. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंड तालुक्यातील चौफुल्यास यावे. तेथून मोरगावच्या वाटेवर सुपे लागते. तेथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर, पण चिंकारा मनसोक्त दिसतो. काळविटासाठी कर्जत तालुक्यातील रेहेकुरी आहे. २०२४ मध्ये वनविभागाने इंदापुरातील कडबनवाडी आणि बारामतीतील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. ज्या माळाला आपण पडीक म्हणत होतो, तो पाहण्यासाठी आता शुल्क भरून लोक येतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लांडगा, तरस, खोकड यांच्या अस्तित्वातून गावच्या तरुणाला वाटाड्या म्हणून चार पैसे मिळू लागले, तर माळ नांगरला जाण्यापूर्वी गाव दोनदा विचार करील.

अर्थात पर्यटनाचाही अतियोग होतो. भिगवणच्या जलाशयात रोहित पक्ष्यांच्या अगदी जवळ नाव नेण्याचा हट्ट पर्यटकच धरतात. थवा उडाला की टाळ्या पिटतात. आपल्या तालुक्यातील मोराची चिंचोली येथे मोर पाहायला येणाऱ्यांची सुटीच्या दिवशीची गर्दी पाहिली की त्या पक्ष्यांची दया येते. वैद्यांनी तरी पहाटे जावे, गाडीतून उतरू नये आणि अभयारण्यातील एक पानही ‘नमुना’ म्हणून खिशात घालू नये. द्रव्यगुणाच्या सहलीत लागलेली ती सवय सुटायला वेळ लागतो, हे स्वानुभवाने सांगतो. विद्यार्थिदशेत आमच्या सहली भीमाशंकर आणि महाबळेश्वरलाच गेल्या. ज्या माळावर सराटा, भुईरिंगणी, शतावरी वाढते तो दाखवायला आम्हाला कोणी नेले नाही.

औषधनिर्मात्यांनाही एक विनंती आहे. गोखरूचे पोते दारात उतरते तेव्हा आपण ओलावा पाहतो, काडीकचरा पाहतो, भाव पाहतो. ते कोणत्या माळावरून आले आणि तो माळ पुढील वर्षी राहणार आहे काय, हेही व्यापाऱ्याला विचारत जावे. उत्तर न मिळाले तरी प्रश्न बाजारात पोहोचेल.

यंदा शिरूर आणि दौंडच्या सभासदांनी रोपांसाठी ठेवलेल्या रकमेतून एक सहल काढावी, असे मी सुचवितो. रोपे लावायचीच असतील तर दवाखान्याच्या आवारात, ओढ्याच्या काठी, शेताच्या बांधावर लावावीत. अर्जुनाला तीच जागा मानवते. पावसाळा सरल्यावर, गवत पिवळे पडू लागले की निघावे. पहाटे साडेचारला शिरूरहून निघाल्यास उजाडताना सुप्यास पोहोचता येते. दुर्बीण माझ्याकडे एक आहे, आणखी दोन-तीन लागतील. त्या धनगरबाबांना मी सोबत येण्याविषयी विचारले आहे. मेंढ्यांची सोय झाली तर येतो म्हणाले.