पाच नोंदींची उणीव

नवा संगणक घरात आला की त्याने केलेला हिशेब बरोबरच असणार, असे आपण गृहीत धरतो. हा विश्वास बहुतांशी रास्त आहे. परंतु संगणकाचे सारे गणित करणारा जो प्रोसेसर, त्याची आखणी माणसेच करतात. बेळगावच्या फौंड्रीत काम करणाऱ्या आमच्या काकतीच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. एखादाच भाग ओतताना बिघडला तर तो बाजूस टाकता येतो; पण मूळ पॅटर्नच चुकला, तर त्यावरून निघणारा प्रत्येक भाग तीच खोड घेऊन बाहेर पडतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण पेंटियम प्रोसेसरचे होय. इंटेल कंपनीने तो १९९३ साली बाजारात आणला. पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम हे त्याच्या निर्मितीतील एक अग्रणी. भागाकार जलद व्हावा म्हणून त्यात एक तक्ता कोरलेला असे. इंटेलच्याच खुलाशाप्रमाणे त्या तक्त्यातील १,०६६ नोंदींपैकी ५ नोंदी राहून गेल्या, आणि क्वचित काही भागाकार चुकू लागले. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले असता उत्तर १.३३३८ यावे, ते १.३३३७ येई.

१९९४ साली अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांस मूळ संख्यांवरील संशोधनात उत्तरे जुळेनात. कित्येक महिने पडताळा घेऊन, दोष प्रोसेसरचाच अशी खात्री झाल्यावर, ऑक्टोबरअखेर त्यांनी तो इतरांस कळविला. इंटेलला मात्र तो आधीच ठाऊक होता. सामान्य माणसास असा भागाकार २७,००० वर्षांतून एकदा भेटेल, असे तिचे म्हणणे. आणि ज्यास प्रोसेसर बदलून हवा त्याने आपली गरज पटवून द्यावी, अशी अट. लोक संतापले. अखेर २० डिसेंबर १९९४ रोजी मागेल त्यास बदलून देण्याचे तिने जाहीर केले. त्यापायी ४७.५ कोटी डॉलरांचा भुर्दंड पडला.

आमच्या मते लोकांस पाच नोंदींपेक्षा अधिक झोंबले ते मौन. चूक कोणाच्याही हातून होते. परंतु ती ठाऊक असता घेणाऱ्यास न सांगणे, आणि वर गरज सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच टाकणे, हा आखणीचा दोष नव्हे. चूक किरकोळ की मोठी, हे विकणाऱ्याने एकट्याने ठरवावयाचे नसते.

आज कंपन्या ज्ञात दोषांच्या याद्या प्रसिद्ध करतात, व पुष्कळ दोष घरबसल्या दुरुस्त होतात. सर्वच मात्र होत नाहीत. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर प्रमाणाबाहेर विद्युत्दाब मागून झिजत असल्याचे २०२४ साली उघड झाले. दुरुस्ती आली, पण आधीच झिजलेला प्रोसेसर तिने पूर्ववत होत नाही. म्हणून हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली.

तेव्हा मुलांसाठी संगणक घेणाऱ्या आईबापांनी अगदी नवे ते निघताच घेण्याची घाई करू नये, पावती व हमीपत्र जपून ठेवावे, आणि दुरुस्तीची सूचना पडद्यावर दिसली की ती उद्यावर ढकलू नये. आमच्या काकतीवरून जाणाऱ्या महामार्गाने पुण्यास वा बंगळुरास जाऊन याच व्यवसायात शिरलेल्या तरुणांस आमचे सांगणे एवढेच, की आपल्या कामातील चूक आपणांस प्रथम दिसली, तर दुसऱ्याने ती शोधून काढण्याची वाट पाहू नये.