चाकाचे नट व कॅलिपरचे बोल्ट मापाने आवळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, नंदुरबार

विषय : घाटात चालणाऱ्या जीप व पिकअप गाड्यांचे चाकाचे नट आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट ठरलेल्या मापानेच आवळले जाण्याबाबत.

महोदय,

धडगाव, मोलगी, तळोदा या पट्ट्यात गाडी चालवून पोट भरणारे आम्ही चालक-मालक. खड्डे, दरडी, कठडे यांची निवेदने आपल्याकडे येतच असतात. आमचे म्हणणे त्याहून लहान आहे, पान्याच्या तोंडाएवढे.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकाने पंक्चर काढून घेतले. पोऱ्याने पान्याला लांब पाईप जोडला आणि त्यावर उभा राहून नट आवळले. चांदसैली घाट उतरताना पुढचे डावे चाक खडखडले. उतरून पाहिले तर नट ज्यांवर बसतात त्या पाच स्टडपैकी दोन तुटलेले, तिसऱ्या नटाभोवती रिम घासून चकचकीत झालेली. गाडीत बाजाराची माणसे होती. कोणाला इजा झाली नाही, म्हणून कुठे नोंदही नाही.

स्टड आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि चाक हबवर दाबून धरतो. ताण कमी पडला तर चाक हलते. जास्त झाला तर स्टड कायमचा लांबतो आणि पुढे तुटतो. बहुतेक हलक्या गाड्यांना सुमारे 100 ते 130 न्यूटन-मीटर पुरतात. साठ किलोचा माणूस मीटरभर पाईपच्या टोकावर उभा राहिला, तर जोर 590 च्या आसपास जातो! आट्यांना तेल लावले असेल, तर तेवढ्याच जोरात ताण आणखी वाढतो. हबवर गंज किंवा रंगाचा थर राहिला, तर तो दबून नट आपोआप सैल पडतात.

कॅलिपरचे याहून नाजूक. त्याच्या सरकपिनेचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत 25 ते 35 न्यूटन-मीटरचे, तर ब्रॅकेटचे साधारण 80 ते 120 चे. दोन्हींना एकच हात लावला की लहान बोल्टाचे आटे जातात. नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत असतो, पण पुस्तिका बहुधा इंग्रजीत आणि डॅशबोर्डच्या खणात.

म्हणून आमची पहिली मागणी टॉर्क पान्याची, म्हणजे ठरलेल्या मापाने आवळता येणाऱ्या पान्याची. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी तपासून घेतलेले पाने ठेवावेत आणि गॅरेजवाल्यांना व पंक्चरवाल्यांना एका दिवसाचे प्रशिक्षण द्यावे : नट समोरासमोरचे आवळावेत, हवेची गन फक्त नट बसवण्यापुरती, शेवटचा हात टॉर्क पान्याचाच. योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीत नट, स्टड व कॅलिपर पाहिले जावेत. चाक काढल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासण्याची सूचना मराठीबरोबर पावरी व भिलीतही लावावी. चांदसैली आणि देवगोई घाटांच्या माथ्यावर गाडी बाजूला घेऊन नट तपासता येईल एवढी सपाट जागा करावी. तिथे दंडाची पावती फाडणारा माणूस नको, एवढीच विनंती.

होळीला गुजरातेतून मजूर घरी परततात, काठीच्या राजवाडी होळीसाठी गाड्या भरभरून डोंगर चढतात. त्याआधी निदान प्रशिक्षण आणि सूचनाफलक ही दोन कामे व्हावीत.

आपले नम्र,
जीप व पिकअप चालक-मालक,
धडगाव, मोलगी व तळोदा परिसर

प्रत : मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, नंदुरबार