नाला एक, खाती किती?

मा. ना. संजय राठोड,
मृद व जलसंधारण मंत्री तथा पालकमंत्री, यवतमाळ

साहेब,

जलसंधारणाचं स्वतंत्र खातं राज्याला दिलं ते आपल्या पुसदच्या सुधाकरराव नाईकांनी. मुख्यमंत्री असताना, 1992 मध्ये, मृदसंधारण, लघुपाटबंधारे, सामाजिक वनीकरण आणि भूजल सर्वेक्षण ही कामं त्यांनी एका खात्याखाली आणली. पुढे ते ग्रामविकासाला जोडलं गेलं, 2017 मध्ये पुन्हा वेगळं झालं. आज तेच खातं आणि जिल्ह्याचं पालकमंत्रिपद, दोन्ही आपल्याकडे आहेत. म्हणून आपल्यालाच लिहितो आहे.

खातं वेगळं झालं, पण नाला वाटलेलाच राहिला. वरच्या जंगलातले चर वनविभागाचे. खालच्या वावरांतली बांधबंदिस्ती अन् शेततळी कृषी विभागाची. 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचा बंधारा जिल्हा परिषदेचा, त्यापुढे 600 पर्यंत आपल्या खात्याचा, त्याहून मोठा जलसंपदाचा. विहिरींची पातळी मोजणारी भूजल यंत्रणा पाणीपुरवठा खात्यात. पाणी मात्र माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकच वाहतं.

आमच्या नाल्यावर कोल्हापुरी बंधारा आहे. पाऊस ओसरला की खांबांच्या खाचांत पाणी अडवणाऱ्या फळ्या, म्हणजे बर्गे, बसवायचे, फटी बुजवायच्या, एवढंच काम. पण ते वेळेवर झालं नाही तर त्या वर्षीचं पाणी गेलंच. बरेच बर्गे चोरीला गेले. विचारायला गेलो तेव्हा एका कार्यालयाने सांगितलं, बंधारा हस्तांतरित झालाय. दुसऱ्याने सांगितलं, आमच्याकडे ताबाच आला नाही. दोघांकडेही कागद होते. तोवर नाल्याचं पाणी वाहून गेलं अन् हरभऱ्याला शेवटचं पाणी मिळालं नाही. कोरडवाहू माणसाचं त्या एका ओलितावर वर्ष उभं असतं, हे आपल्याला मी सांगायला नको.

पुनर्रचना म्हटली की मंत्रालयात चर्चा पदांची, आकृतिबंधाची, कोण कोणाच्या हाताखाली जाणार याची होते. तीही व्हावी, माणसांशिवाय खातं चालत नाही. पण आधी जबाबदारी ठरवा. एका पाणलोटाला एकच अधिकारी नेमा. त्या पाणलोटातल्या चरापासून बंधाऱ्यापर्यंतच्या प्रत्येक कामाची नोंद, मग ते कोणत्याही खात्याचं असो, त्याच्या वहीत असावी. दुरुस्तीचा पैसा त्याच्या सहीने निघावा, आणि बर्गे लागले नाहीत तर जाबही त्यालाच विचारला जावा. गावात त्याचं नाव फलकावर असावं.

हे एकट्या आपल्या खात्याच्या अखत्यारीतलं नाही, याची जाणीव आहे. कृषी, वन, ग्रामविकास यांना मुख्यमंत्र्यांसमोर एकत्र बसवावं लागेल. पण तोवर थांबायचं कारण नाही. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण आहात. आपल्याच मतदारसंघातल्या दारव्हा, दिग्रस आणि नेर तालुक्यांतल्या बंधाऱ्यांची यादी करून घ्या, प्रत्येकासमोर एका जबाबदार अधिकाऱ्याचं नाव लिहायला लावा आणि बर्ग्यांसाठीचा निधी परतीच्या पावसाआधी द्या.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक शेतकरी