परसातील जुना वेल वेळेवर निघावा

देशावरील पुष्कळ घरांच्या परसात श्रावणापासून भेंडी, गवार, दोडका, कारले व काकडी यांची रेलचेल असते. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांच्या पानासाठी याच भाज्या लागतात आणि परसबाग खुडून निघते. त्यानंतर मात्र बहुतेक ठिकाणी एकच दृश्य दिसते. पिवळे पडलेले वेल मांडवावर तसेच लोंबत राहतात. भेंडीची झाडे पुरुषभर उंच होऊन शेंड्याला एखादी निबर भेंडी धरतात. कार्तिकात केव्हा तरी ती उपटली जातात आणि ऐन हिवाळ्यात, भाजीपाल्याच्या खऱ्या हंगामात, घरची भाजी बाजारातून येऊ लागते. जागा असते, खत असते, मोरीचे पाणीही असते. चुकलेली असते ती वेळ.

‘‘वेल अजून दोन दोडके देतो आहे, मग तो का उपटावा?’’ असे घरातील वडीलधारी बाई विचारते. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात दोन दोडक्यांची भाजी पाच माणसांना पुरवावी लागते, तेथे लागता वेल काढणे जिवावर येणारच. परंतु हिशोब पाहावयास हवा. त्या दोन दोडक्यांनी जी जागा महिनाभर अडविलेली असते, त्याच जागेत मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीस येते. पालकाची पहिली कापणी ३० ते ३५ दिवसांत मिळते व पुढे त्याच वाफ्यातून आणखी काही कापण्या होतात. माणसाच्या आहारात दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाजीपाला असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. पाच माणसांच्या घराला हे प्रमाण दोन किलो होते. लहानशा परसातून ते सर्व निघणार नाही हे खरे; पण निदान मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या ताटातील पालेभाजी तरी विकत आणावी लागू नये.

शिवाय म्हातारा वेल नुसता निरुपयोगी नसतो, तो उपद्रवी असतो. भेंडीवरील केवडा रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो व रोगट झाडे त्याचे घर बनतात. कारली व दोडके यांची किडकी फळे वेलाखाली पडून राहिली, तर त्यांतील फळमाशीच्या अळ्या जमिनीत शिरून कोष करतात आणि पुढच्या वेलांवर नवी माशी येते. अशी फळे रोज वेचून खोल पुरावीत. निरोगी पाला खताच्या खड्ड्यात जावा, रोगट झाड मात्र त्यात टाकू नये.

वेळ साधण्यासाठी वेगळे वेळापत्रक हवे असे नाही. ते प्रत्येक घरी आहेच. गणेश चतुर्थीच्या सुमारास वांगी, टोमॅटो, कोबी यांचे बी उंच गादीवाफ्यावर टाकावे, म्हणजे पावसाचे पाणी साचून रोपे कुजणार नाहीत. पितृपंधरवड्यात शेवटचे मोठे तोडे घ्यावेत, वेल काढावेत, वाफे खणून त्यांत कुजलेले शेणखत मिसळावे. घटस्थापनेला घरात माती मांडून धान्य पेरले जाते. त्याच दिवशी परसात मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर पेरावी. तोपर्यंत सुमारे चार आठवड्यांची झालेली रोपेही लावणीस येतात. घटापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण महिना असतो, तेव्हा मेथीची पहिली जुडी दिवाळीत घरचीच मिळते. अधिक मास आला की हा मेळ थोडा बदलतो. २०२० साली अधिक आश्विनामुळे पितृपंधरवडा व घटस्थापना यांत महिन्याचे अंतर पडले होते. अशा वर्षी, तसेच पाऊस लांबला असता, तिथीपेक्षा जमिनीचा वाफसा पाहून काम करावे.

सरसकट सर्व उपटावे असा मात्र याचा अर्थ नव्हे. वालाचा वेल आता कोठे फुलावर येत असतो, तो राखावा. लाल भोपळा देठ वाळून साल कठीण झाल्यावर देठासह उतरवावा. तो घरात कित्येक महिने टिकतो. गवार उपटण्याऐवजी जमिनीलगत कापावी, तिची मुळे जमिनीला उपकारक असतात. जेथे मिरची किंवा वांगी होती तेथे पुन्हा त्याच कुळातील टोमॅटो न लावता पालेभाजी पेरावी. एकाच दिवशी सर्व वाफे मोकळे करणे ज्यांना परवडत नाही त्यांनी एकतृतीयांश वाफे आठ-आठ दिवसांनी मोकळे करावेत, म्हणजे चूल एक दिवसही भाजीवाचून राहणार नाही.

बियाण्याविषयीही एक चाल सोडणे जरूर आहे. खाऊन उरलेले शेवटचे, खुरटलेले फळ बियाण्यासाठी ठेवले जाते. त्याऐवजी भर बहरातील सर्वांत जोमदार व निरोगी वेलावरचे दुसरे-तिसरे फळ दोरा बांधून राखावे. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये, त्यापासून तसेच पीक येत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्येष्ठात बियांच्या पुड्या वाटून परसबागेचे काम संपत नाही. ते तेथे अर्धेच होते. हिवाळी भाज्यांचे बी गणेशोत्सवापूर्वी घरी पोहोचले नाही, तर वेल वेळेवर काढण्याचा उपदेश पोकळ ठरतो, कारण रिकाम्या वाफ्यापेक्षा दोन दोडके केव्हाही बरे. आणि हे बी व ही माहिती चावडीवर नव्हे, तर परसाची राखण करणाऱ्या बाईच्या हाती पडली पाहिजे. खुरपे तिच्या हाती असते. निर्णयही तिचाच असावा.