मर्यादित दायित्वाची ढाल किती भक्कम?

नवा व्यवसाय सुरू करताना भांडवल, जागा आणि गिऱ्हाईक यांचा जितका विचार होतो, तितका व्यवसायाच्या कायदेशीर स्वरूपाचा होत नाही. व्यवसाय बुडाला तर राहते घर वाचणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी याच निर्णयावर ठरते.

एकल मालकीत मालक आणि व्यवसाय यांत कायदा भेद करीत नाही. व्यवसायाचे कर्ज हे मालकाचेच कर्ज असते. 1932 च्या कायद्याखालील भागीदारीत एका भागीदाराने व्यवसायापोटी केलेले देणे इतरांच्याही गळ्यात पडते. या संस्थेची नोंदणी कायद्याने सक्तीची केलेली नाही. परंतु नोंदणीविना करारातील येणी वसूल करण्यासाठी त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही. ही मेख अनेकदा उधारी बुडाल्यावरच ध्यानात येते.

या धोक्यांवर 2008 च्या कायद्याने मर्यादित दायित्व भागीदारीचा, तर 2013 च्या कंपनी कायद्याने एकव्यक्ती कंपनीचा पर्याय दिला. खासगी कंपनीसाठी किमान 1 लाख रुपये भरणा भांडवलाची अट 2015 मध्ये रद्द झाली. कंपनी काढणे सोपे झाले. चालविणे मात्र खर्चिकच राहिले. उलाढाल कितीही असली तरी लेखापरीक्षण करण्याचे बंधन 2013 च्या कायद्याने घातले. वार्षिक विवरणपत्र रखडल्यास दिवसाला 100 रुपये जादा शुल्काची आकारणी 2018 मध्ये सुरू झाली.

एवढे करूनही ढाल अभेद्य होत नाही. लहान कंपनीला कर्ज देताना बँका सहसा संचालकांची वैयक्तिक हमी मागतात. हमीपत्रावर सही झाली की त्या कर्जापुरते मर्यादित दायित्व कागदावरच उरते. अशा हमीदारांवर दिवाळखोरी संहितेखाली कारवाईची वाट नोव्हेंबर 2019 च्या अधिसूचनेने मोकळी केली. मे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. कंपनीची निराकरण योजना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

पुरवठादारांची थकबाकी आणि ग्राहकांचे भरपाईचे दावे यांपासून ही ढाल एरवी संरक्षण देते. ज्या व्यवसायात असे धोके मोठे आहेत, तेथे कंपनी किंवा मर्यादित दायित्व भागीदारीचा खर्च सार्थकी लागतो. धोका मुख्यतः बँकेच्या कर्जाचाच असेल, तर नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावण्याइतकेच हमीपत्रातील अटी बारकाईने वाचणेही महत्त्वाचे. व्यवसायाचे स्वरूप ठरविण्याआधी उद्या देणी कोणाची असतील, याचा हिशेब मांडलेला बरा.